वरचं एक फूल

बत्तीस वर्षं मी लोकांच्या लग्नांची फुलं करते आहे. एवढ्या वर्षांत सगळ्या घरांचं एकमत मी एकाच गोष्टीवर पाहिलं, फुलं ताजी हवीत. बाकी सगळा आनंदीआनंद. एका घरात नवरीला पांढऱ्याशिवाय काही चालत नाही, तर दुसऱ्या घरात पांढरं फूल दिसलं की आजीबाई विचारतात, कोण गेलं? कुणाला पिवळा म्हणजे भरभराट, कुणाला पिवळा म्हणजे ताटातूट. एक कुटुंब गुच्छात वासाच्या पाल्याची डहाळी खोचायला लावतं आणि लग्नानंतर ती दाराशी लावतं, डहाळी जगली तर संसार जगला. त्यांना मी गुपचूप मुळं फुटलेली डहाळी देते. एका नवऱ्या मुलाच्या काकांनी तर गुलाबांचे काटे परत लावता येतील का, असं विचारलं होतं, कारण त्यांच्याकडे बिनकाट्याचा गुलाब अशुभ. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काट्यांचे नवीन गुलाब मागवले. माझा स्वभाव तापट आहे, पण तो मी गिऱ्हाईक गेल्यावर काढते.

भिंगरी माझी भाची, दादाची मुलगी. हे नाव मीच ठेवलं, कारण ती कधी एका जागी बसली नाही. दादा बस चालवायचा, वहिनीच्या इस्पितळात पाळ्या, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी माझ्या दुकानात. फुलं कापायच्या टेबलाखाली बसून तिने पाढे पाठ केले. आठव्या वर्षी तिला देठ तिरका कापता यायला लागला आणि बाराव्या वर्षी ती गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायला लागली की तुम्ही निवडलेले दोन रंग एकमेकांशी भांडतायत. मला मूलबाळ नाही. लग्नच केलं नाही, इतरांची करण्यात वेळ गेला. पण भिंगरीच्या लग्नाचा गुच्छ माझ्या हातचा असणार, हे ती टेबलाखाली मावत होती तेव्हापासून माझ्या मनात पक्कं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोलायचं काय त्यात? शिंप्याच्या घरात नवरीचे कपडे बाहेर शिवायला देतात का?

मुलगा तिने स्वतःच शोधला. जमिनीची मोजणी करणारा. तिपाई आणि दुर्बीण घेऊन दिवसभर उन्हात उभा राहायचा, बोलायला बेताचा, उंचीला भरपूर. त्याची माणसं दुसऱ्या मुलखातून येऊन इथे राहिलेली, रीती त्यांच्या त्यांच्या. वडील नाहीत, आई आहे. पहिल्याच भेटीत त्याने मला सांगितलं की दुकानातल्या बादल्यांची रांग वाकडी आहे. मी दोरी लावून पाहिली. खरंच वाकडी होती. तेव्हापासून मी त्याला मोजणीवाला म्हणते.

लग्नाला पाच आठवडे राहिले तेव्हा त्याची आई हॉलची फुलं ठरवायला दुकानात आली. मी त्यांना पहिल्या मिनिटाला विहीणबाई म्हटलं, त्यांनी हरकत घेतली नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पाठ ताठ, पर्समधून वही निघाली, वहीतून यादी.

"पिवळं नको," त्या म्हणाल्या.

"पिवळं नाही."

"शेवंती नको. आमच्याकडे ती कबरीवर ठेवतात."

"शेवंती गेली." मी शेवंतीची बादली पायानेच मागे सारली.

"आणि फुलं विषम. फुलदाणीत असोत की दारावर. तीन, पाच, सात, नऊ. सम संख्या गेलेल्या माणसासाठी असते. तुम्हाला हसू येईल कदाचित."

"विहीणबाई, मी लोकांना काटे परत लावून देते. मला कसलं हसू येतंय?"

त्या हसल्या, मग मी फ्रीजमधून नमुन्यादाखल सात गुलाब काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी बोट न लावता नुसत्या डोळ्यांनी मोजले.

"आठ आहेत."

"सातच. ते वरचं एक आहे."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. वाटेत एखादा देठ मोडतो, एखादी कळी मान टाकते, म्हणून मागितलेल्या आकड्यावर मी कायम एक फूल वर टाकते. ते मोजत नाही. हात आपोआप जातो.

"फूल आहे ना ते?"

"आहे."

"मग ते मोजतात," विहीणबाई म्हणाल्या आणि तो आठवा गुलाब उचलून त्यांनी माझ्या बादलीत परत ठेवला. एवढ्या वर्षांत माझं वरचं एक परत करणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. राग आला, पण बाई आवडल्याही.

तासाभरात हॉल ठरला. टेबलांवर फिकट गुलाबी कार्नेशन, दारावर हिरवा पाला आणि लिली, सगळं विषम. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "आता नवरीचा गुच्छ तेवढा यादीत लिहू नका. तो माझा."

विहीणबाईंनी वही मिटली. "तेच सांगायचं होतं. आमच्याकडे गुच्छ नवरा आणतो. त्यानेच निवडायचा, त्यानेच बांधायचा आणि दारात तिच्या हातात द्यायचा. मुलीकडच्या माणसाचा हात त्याला लागू देत नाहीत. लागला तर मुलीचं मन माहेरीच अडकून राहतं, असं आमच्यात मानतात."

"मी फुलवाली आहे."

"म्हणून तर सांगायला जड जातंय," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच जड जात होतं, हेच जास्त वाईट. उद्धट बाई असती तर मी भांडले असते.

संध्याकाळी भिंगरी आली. मी तिच्याकडे पाठ करून गुलाबांची पानं काढत बसले. चांगली पानंसुद्धा काढली.

"आत्या, त्यांची ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं त्यांनी आपल्यावर सोडलं."

"तू हो म्हणालीस?"

"हो."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मग?" असं म्हणून तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि उरलेली पानं स्वतः काढायला बसली. तिच्या जागी मी असते तर मीही हो म्हणाले असते, हे मला कळत होतं. ज्या घरात राहायला जायचं त्या घरातल्या एकुलत्या एक मोठ्या माणसाला पहिल्याच मागणीला कोण नाही म्हणेल? पण कळून राग जातो थोडाच. तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तीन दिवस माझ्या जिवाला नुसता घोर. हजारभर नवरीमुलींच्या हातात मी गुच्छ दिले असतील, आणि माझी पोरगी उभी राहणार होती दुसऱ्याने बांधलेला गुच्छ घेऊन. तोही जमिनी मोजणाऱ्याने.

चौथ्या दिवशी तो मोजणीवाला दुकान बंद व्हायच्या वेळेला आला. बुटांना माती, हातात टोपी.

"आत्या, मला शिकवाल?"

"काय?"

"गुच्छ. मला काहीच येत नाही. काल चार फुलं आणली, दोरा बांधेपर्यंत दोनांच्या माना मोडल्या."

"तुझ्या आईला चालेल?"

"विचारलं. म्हणाली, कान त्यांच्याकडे दे, हात तुझेच ठेव."

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. त्या दिवसापासून दर मंगळवारी तो यायचा. मी स्टुलावर बसायचे आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालायचे, कारण ते बाहेर राहिले असते तर ऐकले नसते. विक्रीला न जाणारे जुने गुलाब त्याला सरावाला द्यायचे आणि तोंडाने सांगायचे. देठ तिरका काप. खालची पानं काढ, पाण्यात पान राहिलं तर ते कुजतं. पहिलं फूल सरळ, दुसरं त्यावर तिरकं टेक, मग गुच्छ हातात फिरव आणि पुढचं लाव, सगळे देठ एकाच बाजूला कलले पाहिजेत. फिरव म्हटलं तर तो स्वतःच गोल फिरायचा. पहिल्या मंगळवारी त्याने जे बांधलं ते झाडूसारखं दिसत होतं. माझे हात खिशात इतके शिवशिवले की खिशाची शिवण उसवली.

काटे काढायला तर त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. मी लहान चाकूने काटा मुळातून खरवडते आणि वरून ओलं फडकं फिरवते, देठ कसा लोण्यासारखा लागला पाहिजे. तो काटे तोडायचा, खुंट तसेच राहायचे. पण त्याने पट्टी आणून प्रत्येक देठाची लांबी मात्र बरोबर जुळवली. तिसऱ्या मंगळवारी त्याने विचारलं, भिंगरीला कुठलं फूल आवडतं.

"तुला माहीत नाही?"

"ती म्हणते सगळी आवडतात. तुम्ही खरं सांगाल."

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, सायीच्या रंगाचा गुलाब, पूर्ण न उमललेला, मध्ये किंचित हिरवट. त्याने खिशातली वही काढून ते लिहून घेतलं, जणू जमिनीची हद्द लिहून घेत होता. त्या क्षणी तो माझ्या मनात बसला. मी अजूनही चिडलेली होते, पण त्याच्यावर चिडायला मला आता कारण शोधावं लागत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता तो धुतलेल्या शर्टात दुकानात हजर. नऊ गुलाब त्याने स्वतः बादलीतून निवडले. मी स्टुलावर, हात खिशात. अर्ध्या तासात त्याने गुच्छ बांधला. वर सुतळीची एक गाठ, बाकी काही नाही, कारण त्यांच्याकडे रिबन बांधत नाहीत. चांगला झाला होता. डाव्या बाजूला एक बोटभर फट राहिली होती, ती त्याला दिसली नाही, मला दिसली. त्याने पाच वेळा मोजलं. नऊ. मग तो गाडी दाराशी आणायला गेला.

दुकानात मी आणि तो गुच्छ. मी स्टुलावरून उठले. हात खिशातून बाहेर आला. बादलीतून मी एक गुलाब उचलला, तसाच, सायीच्या रंगाचा, चाकूने काटे खरवडले, फडकं फिरवलं, देठ तिरका कापला आणि त्या फटीत सरकवला. गुच्छाने हूं की चूं केलं नाही. फट बुजली. गाडीचा आवाज आला तेव्हा मी परत स्टुलावर होते. एवढंच केलं. मला फक्त ती फट दिसत होती आणि भिंगरी दिसत होती. आकडा माझ्या डोक्यातही आला नाही. वरचं एक मी कधी मोजतच नाही.

हॉलच्या दारात मोजकी माणसं होती. दादा नव्या बुटांनी हैराण, वहिनी सकाळपासून तिसऱ्यांदा रडून मोकळी झालेली. भिंगरी फिकट निळ्या पोशाखात आली आणि मोजणीवाल्याने गुच्छ तिच्या हातात दिला. तिने तो घेतला. देठांवरून तिचा अंगठा एकदा फिरला आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदाने पाहते आहे. मीही मान डोलावली.

विहीणबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांची नजर फुलांवरून गेली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून गेली.

"दहा," त्या म्हणाल्या.

आवाज लहानच होता. पण मी त्यांच्याकडे पाहिलं. ताठ पाठीची ती बाई एका हाताने दाराची चौकट धरून उभी होती.

मोजणीवाल्याने गुच्छाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याने पाच वेळा मोजलं होतं, त्याला सगळं एका क्षणात समजलं. "माझी चूक, आई," तो म्हणाला. "मोजताना चुकलो."

"तू?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, कसा बसणार? "दहा मी एकदाच मोजली आहेत. तुझ्या वडलांसाठी. दुकानदार चांगला माणूस होता, म्हणाला, बाई, एक वर देतो. मी ते त्याला परत दिलं आणि दहा घेऊन घरी आले."

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पोराने दोष अंगावर घेतला होता, एखादं फूल काढून टाकलं असतं, पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. त्या घरात मात्र त्याची आई जन्मभर म्हणाली असती की माझ्या मुलाने लग्नाच्या दिवशी दहा मोजली.

"तो चुकला नाही," मी म्हणाले. "नऊच होती. एक मी घातलं."

"सवयीने?" विहीणबाईंनी विचारलं. मला सुटायला वाट करून देत होत्या, एवढ्यातही.

"मोजलं नाही ते सवयीने. घातलं ते मुद्दाम. माझ्या पोरीच्या हातात माझं एक तरी असावं असं वाटलं. तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात, मी लावला. माझं चुकलं."

दादा बुटांकडे बघायला लागला.

"कुठलं ते तरी सांगा, काढून टाकू," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमलेल्या होत्या. मी पुढे झाले आणि थांबले. सुतळीच्या गाठीपाशी दहा सारख्या रंगाचे गुलाब, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. मला माझंच फूल ओळखू येईना.

"मला माहीत आहे कुठलं," भिंगरी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हातात घेतल्याबरोबर कळलं. नऊ टोचतायत आणि एक टोचत नाही."

"मग बोलली का नाहीस?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"मोजली मी पण. दहा आहेत ते कळलं होतं." तिने सासूकडे पाहिलं. "आई, मला ते राहू द्यायचं होतं. तुमच्या दहाचं मला माहीत नव्हतं."

मग तिने अंगठ्याने चाचपून तो देठ शोधला आणि फूल हळूहळू वर ओढलं. सुतळी सैल झाली नाही, मोजणीवाल्याने गाठ पक्की मारली होती. फूल बाहेर आलं आणि डावीकडची ती फट परत दिसायला लागली. मी ते बघत होते. पोरगी चालली, हे मला पाच आठवडे सगळे सांगत होते, ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी दादाचा दंड धरला.

भिंगरी दोन पावलं पुढे आली. "घे, आत्या. हे तुला."

"मला काय करायचंय? बादलीत टाक."

"तुला देतेय. धर."

मी धरलं. बत्तीस वर्षांत मला कुणी फूल दिलं नव्हतं. देणार कोण? वाढदिवसाला लोक मला डबे देतात, शाली देतात. फुलवालीकडे फुलं काय कमी आहेत, असं सगळ्यांना वाटतं, आणि मलाही तसंच वाटत आलं होतं.

विहीणबाईंनी गुच्छ पुन्हा मोजला. ओठ हलताना दिसले. नऊला त्या थांबल्या, चौकटीवरचा हात काढला आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

"एक," त्या म्हणाल्या. "तेही विषमच आहे. चला आत. माझ्या शेजारी बसा, नाहीतर पुन्हा काहीतरी कराल."

पहिल्या रांगेत आम्ही दोघी बसलो. त्यांनी आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. पुढे मुलांच्या लग्नाच्या सह्या चालू होत्या, भिंगरीने गुच्छ टेबलावर न ठेवता डाव्या हातात धरूनच सही केली. विहीणबाईंनी न बघता आपला रुमाल माझ्याकडे सरकवला. तो घ्यायला मला हात मोकळा नव्हता. मी ते फूल दोन्ही हातांनी धरून बसले होते. दिलेलं फूल कसं धरतात, ते मला माहीत नव्हतं.